दहा ग्रॅम प्रोटीनला किती रुपये? एका किराणा दुकानदाराचा हिशेब

लातुरात गंजगोलाईपासून चालत पाच मिनिटांवर, एका गल्लीत माझं किराणा दुकान आहे. बावीस वर्षं डाळ-तांदूळ तोलतोय. तीन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ९.१ टक्के आली. डॉक्टर म्हणाले, भात, पोळी, साखर कमी करा आणि प्रोटीन वाढवा. तिथून बाहेर पडलो तर जो भेटेल तो बदाम सांगायचा, पनीर सांगायचा, नाहीतर डब्यातली पावडर. तीन हजारांचा एक डबा, महिन्याला दोन लागतील, असंही एकाने सुचवलं. घरात आम्ही पाच माणसं, दोघांचं शिक्षण चालू. एवढा पैसा माझ्या एकट्याच्या ताटात घालणं मला पटेना. मग मला जे येतं ते मी केलं. दुकानाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि हिशेब मांडला.

खाली दिलेले भाव आमच्या गल्लीतले आहेत. तुमच्याकडे दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतील, पण मांडायची रीत तीच राहील.

तेलाचा पाऊच घेताना मी गिऱ्हाइकाला नेहमी वजन वाचायला लावतो. एक लिटरच्या पाऊचमध्ये साधारण ९१० ग्रॅम तेल भरतं. शेजारी तसाच दिसणारा पाऊच दहा रुपयांनी स्वस्त असतो, पण त्यावर बारीक अक्षरात ८०० किंवा ८५० ग्रॅम लिहिलेलं असतं. प्रोटीनचंही तसंच आहे. किलोचा भाव बघून काहीच कळत नाही. आपल्याला हवं आहे प्रोटीन, तर भावही प्रोटीनचाच काढायचा.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात त्या पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये किती ग्रॅम प्रोटीन आहे ते लिहा. पाकिटावर हा आकडा छापलेला असतो. सुट्या मालासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले आहेत, ते बघा. दुसऱ्या रकान्यात दहा ग्रॅम प्रोटीन मिळायला किती रुपयांचा माल लागतो ते लिहा. तिसरा रकाना आपल्यासारख्यांचा: त्या दहा ग्रॅमसोबत किती कार्ब, म्हणजे स्टार्च आणि साखर, पोटात जातात. कमी कार्बचं जेवण करणाऱ्याने दुसरा आणि तिसरा रकाना एकत्र वाचायचा. नुसता दुसरा वाचला की माणूस फसतो. मी स्वतः पहिल्या महिन्यात तिथंच फसलो, आणि तेही डाळीपाशी.

लातूर हे डाळीचं गाव. इथल्या डाळ मिलची तूरडाळ कुठंकुठं जाते. लहानपणापासून ऐकलेलं की डाळ म्हणजे प्रोटीन. म्हणून मी भात सोडला आणि वाट्यावर वाट्या वरण प्यायला लागलो. शुगर काही हलेना. मग आकडे लिहिले तेव्हा उलगडा झाला. तूरडाळीत शंभर ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि ५५ ग्रॅमच्या आसपास कार्ब. किलोला १२० रुपये धरले तर दहा ग्रॅम प्रोटीन साडेपाच रुपयांत मिळतं, म्हणजे स्वस्तच. पण त्यासाठी ४५ ग्रॅम डाळ लागते आणि तिच्यासोबत २५ ग्रॅम कार्ब येतात. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ३४ ग्रॅम कार्ब असतात. म्हणजे डाळीतल्या प्रत्येक दहा ग्रॅम प्रोटीनमागे मी पाऊण भाकरी पीत होतो. मूग, मसूर, हरभरा, मटकी, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच. डाळ वाईट नाही, पोरांना मी पोटभर देतो. पण माझ्या ताटात ती आता आमटीपुरती, वीस ग्रॅम कोरडी डाळ एवढीच.

मोडाबद्दल रोज कुणीतरी विचारतं. मोड आणल्याने पचन सुधारतं, क जीवनसत्त्व वाढतं, हे खरं. पण शंभर ग्रॅम मटकी भिजून मोड आल्यावर दुपटीहून जास्त भरते ती पाण्याने. प्रोटीन होतं तेवढंच राहतं. फुटाणे आणि सातूचं पीठ यांनाही डाळीच्याच रकान्यात घाला.

आता ज्याच्यासाठी ही वही कामी आली ते सांगतो: सोयाबीन. आमच्या जिल्ह्यात खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. मळणी झाली की पोती थेट आडतीवर जातात, तिथून तेलाच्या कारखान्यात. तेल निघाल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सोयाबीनचे पैसे हातात आले की तोच शेतकरी माझ्याकडून तांदूळ, साखर आणि बिस्किटांचे पुडे नेतो. २०२५-२६ साठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये. बाजारात कितीदा तेवढाही मिळत नाही. ज्या दाण्यात शंभर ग्रॅमला ३६ ग्रॅम प्रोटीन आहे तो दाणा पिकवणाऱ्याच्याच घरात शिजत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्याकडे साफ केलेलं सोयाबीन साठ रुपये किलो आहे. दहा ग्रॅम प्रोटीनला २८ ग्रॅम दाणे, पावणेदोन रुपयांचे. कार्ब सात-आठ ग्रॅम आणि त्यातही बराचसा भाग तंतूंचा, म्हणजे न पचणाऱ्या फायबरचा.

सोयाबीन घरात न शिजण्याचं एक कारण त्याचा उग्र वास, आणि दुसरं म्हणजे ते चुकीचं केलं की पोट बिघडतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा एक घटक असतो. तो चांगल्या उष्णतेने मोडतो, म्हणून कच्चं किंवा अर्धवट भाजलेलं खायचं नाही. आमच्या घरी रात्री भिजत घालतात. सकाळी ते पाणी फेकून द्यायचं. दाणे दोन तळहातांत चोळले की सालं सुटून वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून टाकायची. वासाचा मोठा भाग इथंच जातो. मग ताज्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून कुकरला लावायचं, शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं. दाणा बोटाने चेपला की लोण्यासारखा नाही, पण उकडलेल्या शेंगेतल्या दाण्यासारखा दबला पाहिजे. निथळून लसूण, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याच्या फोडणीवर परतला की झाली उसळ. उरलेला दाणा कढईत मंद आचेवर कोरडा होईपर्यंत परतून डब्यात ठेवला तर दोन-तीन दिवस येता-जाता खाता येतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. पेरणीसाठी आणलेलं बियाणं उरलं म्हणून ते कधीही शिजवू नका. बियाण्याला औषध चोळलेलं असतं. बहुतेक वेळा ते रंगीत दिसतं, पण रंग धुऊन टाकला म्हणून औषध जात नाही. खाण्यासाठी आडतीवरचं किंवा दुकानातलं सोयाबीनच घ्या आणि घेताना विचारून घ्या.

ज्यांना एवढा खटाटोप जमत नाही त्यांच्यासाठी सोयावडी. तेल काढलेल्या सोयापिठाचीच ती बनते, त्यामुळे शंभर ग्रॅममध्ये ५२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. सुटी वडी माझ्याकडे १२० रुपये किलो. दहा ग्रॅम प्रोटीन अडीच रुपयांच्याही आत, सोबत सहा-सात ग्रॅम कार्ब आणि त्यातले दोन-अडीच तंतूंचे. पाकीट घेत असाल तर मागचा तक्ता वाचा. प्रोटीन पन्नासच्या खाली असेल तर दुसरं घ्या. सुटी घेताना आधी मूठभरच घ्या. वडी मोडली की कडक आवाज झाला पाहिजे आणि नाकाशी धरल्यावर खवट तेलाचा वास येता कामा नये. गरम पाण्यात चांगली वडी फुगून दुप्पट होते आणि आकार धरून राहते. पाण्यात विरघळून लगदा होत असेल तर तो माल मी परत पाठवतो, तुम्हीही परत करा.

वडी आवडत नाही म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांनी ती नीट पिळलेली नसते. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, गाळा, गार पाणी ओता आणि मुठीत धरून पिळा. पहिल्या पिळण्याला पांढरट फेसाळ पाणी निघतं. पुन्हा पाणी, पुन्हा पिळणं. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ निघतं आणि वासही गेलेला असतो. मग सुरीने बारीक चिरून कांदा, आलं-लसूण आणि काळ्या मसाल्यात दहा मिनिटं परता. खिम्यासारखं होतं. माझी मुलगी सोयावडीचं नाव काढलं की नाक मुरडायची. आता हेच डब्यात मागते. मोजताना मात्र कोरडी वडी मोजा. तीस ग्रॅम कोरडी वडी म्हणजे एक मध्यम वाटी, त्यात पंधरा ग्रॅमहून थोडं जास्त प्रोटीन. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी घेऊन सोयाबीनचं जेवण दुपारी करा. सोयाबीनमुळे ती गोळी अंगी लागायला अडथळा येतो.

अंडं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन आणि कार्ब नावाला. सात रुपयाचं अंडं धरलं तर दहा ग्रॅमला बारा रुपये. सोयाबीनपेक्षा महाग, पण तिसरा रकाना जवळजवळ शून्य आणि पाच मिनिटांत पोट भरतं. दुकान उघडायच्या घाईत याच्यासारखं काही नाही. बलक टाकून पांढरं तेवढं खाणारे लोक मला भेटतात. निम्मं अंडं फेकून प्रोटीनचा भाव दीडपट करून घेतात. कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरांनी मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी, पण उगाच कुणी सांगितलं म्हणून फेकू नका. थंडीत अंड्याचा भाव चढतो, तेव्हा मी दोनाचं एक करतो आणि वडी वाढवतो.

माझी आई माळकरी आहे. तिच्या चुलीवर अंडं जात नाही, जाणारही नाही. माझ्यासाठी मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळं भांडं ठेवलंय. ज्यांच्या घरी तशी सोय नाही त्यांनी मन मारून घ्यायची गरज नाही. सोयाबीन, दही, पनीर आणि शेंगदाणे यांच्यावर कमी कार्बचं जेवण व्यवस्थित निभतं.

कोंबडीचा भाव काढताना हाडांचा विसर पडू देऊ नका. किलोभर घेतली तर खायला साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास मांस मिळतं आणि त्यात १३० ग्रॅम प्रोटीन. २२० रुपये किलोने दहा ग्रॅमला सतरा रुपये, कार्ब शून्य. श्रावणात भाव उतरतो, तेव्हा खाणाऱ्यांनी साधून घ्यावं. कोंबडीची कलेजी बहुतेक जण सोडून देतात. आमच्याकडे ती १४० रुपये किलो मिळते आणि दहा ग्रॅम प्रोटीन आठ-नऊ रुपयांत पडतं. लोहही भरपूर. मात्र पंधरवड्यातून एकदा पुरे. गरोदर बाईने टाळावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं, आणि युरिक अॅसिड वाढलेल्यानेही लांब राहावं. मटणाचा हिशेब मी केला आणि वही मिटली: पन्नास रुपयांच्या वर. सणाला खा. समुद्र आमच्यापासून लांब, त्यामुळे ताजी मासळी महाग. आठवडी बाजारातलं सुकट मात्र बघण्यासारखं आहे. वाळलेलं असल्याने थोड्यात बरंच प्रोटीन देतं. दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, मीठ फार असतं. रक्तदाबवाल्यांनी तर नक्कीच.

पनीर ३६० रुपये किलो, दहा ग्रॅमला वीस रुपये. कार्ब कमी, चव चांगली, पण रोज परवडत नाही. घरी करून पाहिलं. सत्तर रुपयांच्या लिटरभर म्हशीच्या दुधाचं दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर निघतं, म्हणजे भावात फार फरक पडत नाही. फायदा एवढाच की त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं. फार स्वस्त सुट्या पनीरबद्दल सावध राहा. दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेलं, पनीरसारखं दिसणारंही विकलं जातं. तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनच्या टिंक्चरचे दोन-तीन थेंब टाका. निळं-काळं झालं तर त्यात स्टार्च मिसळलाय, आणि स्टार्च म्हणजे आपण टाळतोय तेच. दही घरी लावा. दुधात लिटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, म्हणून दिवसाला वाटी-दीड वाटी दही एवढंच धरा. पातळ ताकाला प्रोटीन म्हणून मोजू नका.

शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन. १४० रुपये किलोने दहा ग्रॅमला साडेपाच-सहा रुपये. कार्बही कमी. पण त्याच दहा ग्रॅमबरोबर वीस ग्रॅम तेल आणि सव्वादोनशे कॅलरी येतात, म्हणून वजन कमी करायचं असेल तर दिवसाला तीस ग्रॅम, एक मूठ. मी कूट करून भाजीत घालतो. मूठ मारत बसलं की हिशेब राहत नाही. बुरशीचे, काळपट, कडवट दाणे निवडून फेका, भाजले तरी त्यांचं विष जात नाही. एकादशीला माझ्याकडे सर्वांत जास्त साबुदाणा खपतो. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, सगळा स्टार्च. शुगरवाल्यांना मी त्या दिवशी दाण्याची आमटी आणि दही सांगतो. बदाम ९०० रुपये किलो, दहा ग्रॅमला पंचेचाळीस रुपये. ज्यावर ‘प्रोटीन’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय अशा बिस्किटाचा पुडा उलटा करून मागचा तक्ता वाचा, मग ठरवा.

किती खायचं? राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी माणसासाठी वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम सांगितलंय. माझं वजन ७४, म्हणजे दिवसाला साधारण ६१ ग्रॅम. जेवण बदलण्याआधी मी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घेतलं. शुगर असलेल्यांच्या मूत्रपिंडाला आतून कधी इजा सुरू होते ते कळत नाही, आणि तिथं बिघाड असेल तर किती प्रोटीन खायचं हे डॉक्टरच ठरवणार. हे तपासल्याशिवाय माझा हिशेब उचलू नका.

आणखी एक. मी भात आणि भाकरी एकदम बंद केली, पण शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी होती तेवढीच घेत राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी साडेअकराला, दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी असताना हात थरथरायला लागले. मानेवरून घाम निथळत होता आणि समोरच्या काट्यावरचा आकडा मला वाचता येईना. एका मावशीने मला खाली बसवलं आणि माझ्याच डब्यातली साखर पाण्यात ढवळून पाजली. मशीनवर शुगर ५२. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असेल तर कार्ब कमी करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, नंतर नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर कार्ब फार कमी करणं धोक्याचं असतं, तेही विचारून घ्या.

माझी एका आठवड्याची खरेदी अशी: अंडी १४, ९८ रुपये. सोयावडी २०० ग्रॅम, २४ रुपये. सोयाबीन १५० ग्रॅम, ९ रुपये. शेंगदाणे २०० ग्रॅम, २८ रुपये. दह्यासाठी दीड लिटर दूध, ९० रुपये. रविवारी अर्धा किलो कोंबडी, ११० रुपये. एकूण ३५९. यातून आठवड्याला ४०६ ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे रोजचं सरासरी ५८ ग्रॅम. वरचं दहा-बारा ग्रॅम दुपारच्या एका भाकरीतून, पातळ आमटीतून आणि मेथी-चुक्यासारख्या भाज्यांतून येतं. दिवसाचा खर्च एक्कावन्न रुपये. कोंबडी न खाणाऱ्याने त्या ११० रुपयांत ३०० ग्रॅम पनीर घ्यावं, प्रोटीन थोडं कमी भरेल, ते पन्नास ग्रॅम वडी वाढवून भरून काढता येतं.

पावसाळ्यात वडी आणि सोयाबीन दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि एका महिन्यापुरतंच घ्या. सोयाबीनचा दाणा दमट झाला की तीन-चार दिवसांत वास धरतो. डब्यात भरण्याआधी अर्धा दिवस उन्हात पसरा आणि गार झाल्यावरच झाकण लावा.